केसपेपरवरची वेळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

रामदासपेठेतल्या एका खासगी दवाखान्यात मी केसपेपर लिहितो. आमच्या लघवीच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं — पुरुषाच्या अंडात अचानक कळ आली, उलटी झाली, तर रांगेत बसवायचं नाही, सरळ आत पाठवायचं. आतली नस पिळली गेलेली असू शकते. सहा तासांच्या आत सोडवली तर बहुतेकदा अंड वाचतं. मला हे पाठ होतं.

उन्हाळ्याची सकाळ, साडेनऊ. सावनेरहून एक तरुण एकटाच आला. सहा वाजता कळ उठली, दोनदा उलटी झाली, एवढं नीट बोलला. कुठे दुखतंय ते मात्र खिडकीशी वाकून पुटपुटला. मागे बायका उभ्या होत्या. आणि मला — काय सांगू — गंमत सुचली.

"जोरात बोल ना गा. काहून लाजून राहिला?"

लोक हसले. तो म्हणाला, "पोट दुखून राहिलं."

त्याचा हात पोटावर नव्हता. मी पाहिलं होतं. तरी 'पोटदुखी' लिहिलं आणि त्याला पोटाच्या डॉक्टरांच्या रांगेत बसवलं.

मग ते सुरू झालं. मान वर केली की तो एक खुर्ची जवळ आलेला असायचा. रांग तर हललीच नव्हती. उठताना मला तो एकदाही दिसला नाही. कण्हत नव्हता, नुसता माझ्याकडे बघत होता. मी का उठलो नाही? उठलो असतो, तर मला आधीच कळलं होतं हे उघड झालं असतं — म्हणून.

पाऊण वाजता लघवीचे डॉक्टर बाहेर आले आणि त्याला पाहून थबकले. "हा कधी आला?"

"आत्ताच," मी म्हणालो. केसपेपरवर साडेनऊचे साडेबारा केले. त्यानं ऐकलं.

अंड काळं पडलं होतं, काढावं लागलं. दुपारी त्याची आई आली. डॉक्टरांनी केसपेपर बघून तिला सांगितलं, मुलगा उशिरा आला. ती त्याला विचारत राहिली, "काहून थांबला गा बापा इतका वेळ?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, बस्स.

अजूनही भर दुपारी मान वर केली की खिडकीजवळच्या खुर्चीत कुणीतरी वाकून बसलेलं असतं. नीट पाहिलं की खुर्ची रिकामी. मला भीती वाटते.

तो उशिरा आला नव्हता. साडेनऊला आला होता.