चमत्कार कापलेलं बायबल आणि आंतोन तांडेल

वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे सदर मी नियमित वाचतो... आणि खरं सांगायचं तर हसायला वाचतो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानात बसून बायकोला एकेक अनुभव मोठ्याने वाचून दाखवायचा आणि प्रत्येक भुताला एक साधं कारण शोधून द्यायचं, हा माझा आवडता उद्योग. पांढरी साडी म्हणजे वाळत घातलेलं धोतर, माळ्यावरची पावलं म्हणजे मांजर. त्याच सदराला आज मी लिहितोय. आता तुम्ही हसा, माझी हरकत नाही.

मालवणच्या बाजारपेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. उभा जन्म लोकांचे डोळे तपासण्यात गेला, त्यामुळे माणसाला काय काय दिसू शकतं आणि का, हे मला जरा जास्तच माहीत आहे. देवाला माझा विरोध नाही. शुभा, म्हणजे माझी बायको, सगळे उपास करते आणि साबुदाण्याची खिचडी मी आवडीने खातो. पण दिसलं तर मानायचं, नाहीतर नाही, असा माझा साधा हिशेब.

आता पुस्तकाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एक परदेशी पाहुणा किल्ल्याकडे पाण्यात उतरला आणि चष्मा समुद्रात घालवून बसला. मी त्याला तासाभरात नवा करून दिला. खूश होऊन त्याने मला एक जुनं पुस्तक भेट दिलं. अमेरिकेच्या एका जुन्या राष्ट्राध्यक्षाने म्हणे ब्लेड घेऊन बायबलाच्या प्रती कापल्या, आणि येशूची शिकवण तेवढी काढून आपल्या मनासारख्या क्रमाने वहीत चिकटवली. चमत्कार सगळे बाहेर. देवदूत नाहीत, पाण्यावर चालणं नाही, मेलेला उठून बसणं नाही. शेवटी थडग्याच्या तोंडाला धोंडा लावतात आणि लोक घरी जातात... संपलं.

मी ते वाचलं आणि वेडाच झालो. हा तर आपलाच माणूस! तेव्हापासून या पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्या जमवण्याचं खूळ डोक्यात शिरलं. कुठून कुठून मागवल्या. एकीत चार भाषा शेजारी शेजारी छापल्यात, एकीची पाठ वाळवीने खाल्लीय तरी मी ती टाकत नाही. आमच्या खाऱ्या हवेत कागद टिकावा म्हणून कपाटात दिवसरात्र बल्ब जळतो. माझ्या पापडांना कधी बल्ब मिळाला नाही, असं शुभा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. पूर्ण बायबल मात्र मी कधी उघडलंसुद्धा नव्हतं. निवडून ठेवलेल्या तांदळात पुन्हा खडे कोण मिसळेल?

आंतोन माझा बालमित्र. आमच्या मागच्याच वाडीतला. चाळीसेक वर्षं तांडेल होता, म्हणजे बोट त्याच्या हुकमावर चालायची. गेल्या वर्षी त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि त्याला कोल्हापूरला नेलं. हृदयाच्या नळ्या तुंबल्या होत्या, बायपास करायला हवी होती. आणि हा पठ्ठ्या आदल्या दिवशी अडून बसला, की ऑपरेशन करायचं नाही. त्याच्या बायकोचा, लुसीचा, सकाळीच फोन आला. ती रडत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, संध्याकाळपर्यंत हो म्हणा नाहीतर घरी न्या, आणि पुढचा झटका आला तर कोल्हापूर गाठायलाही वेळ मिळायचा नाही. तिने मला दोन कामं सांगितली. या, आणि येताना घरातलं बायबल घेऊन या. त्यांच्या घराची किल्ली आमच्याकडेच होती.

आम्ही दुकान बंद करत होतो तेवढ्यात कुरियरवाला आला. पुण्याच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराकडून मागवलेली माझी नवी प्रत आली होती. खिशात मावेल एवढी, चामडी बांधणीची, कितीतरी दिवस मी तिची वाट पाहत होतो. शुभाने गाडीत बसताना विचारलं, बायबल घेतलंत ना? मी म्हटलं, घेतलं. खोटं बोललो नाही हो... आमच्या घरात बायबल म्हटलं की माझंच कपाट. लुसीचं बायबल माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं.

कसाल मागे पडलं, कणकवली गेली. फोंडाघाटला चहाला थांबलो तेव्हा मी मोठ्या कौतुकाने पार्सल फोडलं आणि पुस्तक शुभापुढे धरलं. तिने आधी पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लुसीचा बायबल खंय आसा?" तिने विचारलं.

माझा चेहरा बघून तिला उत्तर मिळालं. मी काहीतरी सारवासारव केली, की बायबल म्हणजे बायबल, कुठलं का असेना.

"माणूस मरणाक भियालोहा," ती म्हणाली, "आणि तुमी तेच्याकडे चमत्कार कापलेला बायबल घेवन चललास."

चहा तसाच टाकून ती गाडीत जाऊन बसली आणि घाट सुरू झाला. परत जायला वेळ नव्हता. माझी मलाच लाज वाटत होती, पण मध्येच वळणावर पुस्तकाच्या चामड्याचा वास येत होता आणि बरंही वाटत होतं. माणूस असाच असतो.

हॉस्पिटलमध्ये आंतोन खिडकीशेजारच्या खाटेवर बसून होता. एवढा धिप्पाड गडी, पण चेहरा उतरलेला. कापतील याची भीती त्याला नव्हतीच. त्याला भीती होती ती भूल देण्याची. तांडेलाने बोटीवर झोपायचं नसतं, बाकीचे झोपले तरी त्याने जागं राहायचं, अशी त्याची जन्माची सवय. सबंध आयुष्यात दिवसा त्याने डोळा मिटलेला मी पाहिला नव्हता, घरातसुद्धा रात्री वाऱ्याचा आवाज बदलला की उठून बसणारा. डॉक्टरांना त्याने सांगितलं होतं, मला जागं ठेवून करा. ते होत नाही म्हटल्यावर याने सरळ मान फिरवली.

मी समजावलं, चिडलो, हात जोडले. तो एकच म्हणत राहिला.

"मी निजल्यावर सुकाणू कोण धरतलो, विनू?"

मला रडू यायला लागलं. ते दिसू नये म्हणून मी पुस्तक उघडलं. लुसी म्हणाली, वाचा काही पण. चमत्काराबिमत्काराचं मी काही बोललो नाही, शुभाही गप्प राहिली. पुस्तक इंग्रजी, त्यामुळे एकेक वाक्य मनात फिरवून मी मालवणीत सांगत होतो. मोहरीच्या एवढ्याशा दाण्याचं मोठं झाड होतं, ती गोष्ट वाचली. आंतोन खिडकीबाहेर बघत होता. मी तसाच पुढे वाचत गेलो.

पुढे असं होतं, की संध्याकाळी येशू शिष्यांबरोबर होडीतून पलीकडच्या काठाला निघाला. जोराचा वारा सुटला, लाटा आत यायला लागल्या, होडी भरत आली. सगळे घाबरले. आणि तो मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपला होता.

आंतोनने मान वळवली.

"मागे? सुकाणाकडे?"

"होय."

"उशी घेवन?"

मी पुन्हा पाहिलं. डाव्या हाताचं पान, खालचा भाग, शेजारी कागदावर तपकिरी डाग. दुपारचं ऊन पडलं होतं, अक्षरं स्वच्छ होती. उशीच लिहिली होती. होय, म्हटलं, उशीवर. मग पुढचंही वाचलं. त्यांनी त्याला हलवून उठवलं, तो उठून वाऱ्याला गप्प बस म्हणाला, वारा पडला. मग त्याने सगळ्यांना विचारलं, एवढे भ्यालात कशाला?

आंतोनने पाठीमागची उशी हाताने चाचपली. मग हळूच म्हणाला, "वारो थांबलो तां सगळ्यांका ठावक आसा. ल्हानपणापासून आयकतंय. पण तो निजलो होतो, तां माझ्या कधी ध्यानातच रवला नाय." थोड्या वेळाने लुसीकडे बघून म्हणाला, "डॉक्टराक बोलव."

लुसी धावतच गेली. मी आनंदाने बाहेर व्हरांड्यात आलो, डोळे पुसले, शुभाला म्हटलं, बघ, माझंच बायबल कामाला आलं. तिने शांतपणे विचारलं, "तुमच्या पुस्तकात चमत्कार नाय ना? मगे वारो थांबलो कसो?"

मी हसायला लागलो आणि हसता हसता थांबलो. पुस्तक उघडलं. डाव्या हाताचं पान, तपकिरी डाग... डाग होता तिथेच. मोहरीच्या दाण्याची गोष्ट होती. तिच्यानंतर लगेच वेगळाच मजकूर, कुणीतरी येऊन त्याला म्हणतो की मी तुमच्या मागे येतो. होडी नाही. वारा नाही. उशी नाही. तिथेच बाकावर बसून मी पहिल्या पानापासून शेवटच्या धोंड्यापर्यंत सगळं पुस्तक चाळलं. नसणारच! ते नसावं म्हणूनच तर त्या राष्ट्राध्यक्षाने ब्लेड हातात घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी आंतोनला आत नेलं. जाताना नर्सला म्हणाला, "उशी बरी दी गो, ही पातळ आसा." ती बिचारी हसत दुसरी शोधायला गेली. ऑपरेशन नीट झालं. तासन्‌तास आम्ही तिघं बाहेर बसलो होतो, आणि खरं सांगतो, पुस्तकाचा विचार तेव्हा मनाला शिवलाही नाही.

मालवणला आल्यावर मात्र मला स्वस्थता मिळेना. लुसीकडून तिचं कोंकणी बायबल उघडून घेतलं. ती गोष्ट आहे, मोहरीच्या दाण्यानंतर थोड्याच ओळींनी आहे, आणि उशीसकट आहे. मग मी माझा नेहमीचा उद्योग सुरू केला, कारण शोधण्याचा. लहानपणी ऐकली असेल? आंतोनच्या घरी नाताळाला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खूप खाल्ल्या, प्रार्थनेच्या वेळी मात्र आम्ही दोघं अंगणात विटीदांडू खेळायचो. वारा थांबल्याचं कानावरून गेलं असेल, चला, मान्य. पण चर्चमध्ये जन्म काढलेल्या आंतोनच्याही ध्यानात न राहिलेली उशी मला कुठून आठवणार? घरातल्या सगळ्या आवृत्त्या तपासल्या, एकीतही होडी नाही. स्वतःच्याच दुकानात स्वतःच्याच खुर्चीत बसून डोळे तपासून घेतले. उत्तम आहेत. शुभा म्हणते, आता लुसीचं बायबल पण त्याच कपाटात ठेवूया, बल्बखाली. मी अजून हो म्हटलेलं नाही.

परवा दुपारी आंतोन चालत दुकानात आला. आता तो बाजारातून फेरी मारतो, माशांच्या भावावरून भांडतोसुद्धा. तपासणीच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, ती होडीची गोष्ट परत वाच. लपवून काय करणार, मी पुस्तक त्याच्या पुढ्यात ठेवून सगळं सांगितलं. ही गोष्ट यात नाही. त्या दिवशीही नव्हती. मी काय वाचलं ते मला माहीत नाही.

मला वाटलं, तो घाबरेल, निदान चकित तरी होईल. त्याने पुस्तकाकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

"बरा झाला," तो म्हणाला. "असती तर तू ती माका वाचून न दाखयता वारो कसो थांबलो तां समजावत बसलो असतंस."

तरी मी समजावायला लागलोच. मेंदू कसा भरपाई करतो, ऊन कागदावर पडलं की डोळ्यांना काय काय भास होतात, थकवा, काळजी, स्मरणशक्ती... माझं बोलणं रंगात आलं होतं. वर बघतो तर आंतोन मान टाकून झोपलेला. भर दुपारी, बाजारातले हॉर्न वाजत असताना, तोंड उघडं टाकून चक्क घोरत होता. तेवढ्यात दारात एक बाई चष्मा दुरुस्तीला आल्या. मी ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना खुणेने संध्याकाळी या म्हटलं. स्पष्टीकरण मला अजून सापडलेलं नाही. पंखा त्याच्याकडे वळवून मी ते पुस्तक मिटलं.