डावीकडची जागा

“फर्स्ट ऑफिसर.”

कुणी ‘कॅप्टन’ म्हणून हाक मारली की तो आधी ही दुरुस्ती करायचा आणि मगच ओ द्यायचा. राजोडीची मावशी टोपली घेऊन दारात यायची. “काय कॅप्टन, बोंबील घेनार ना?” तिलाही सोडायचा नाही. “मावशी, फर्स्ट ऑफिसर.” ती म्हणायची, “बरं बाबा, पन घेनार ना?”

गिरीज गावात त्याची नि माझी वाडी लागून, विहीर एकच. विमान चालवणारा आमच्याकडचा तो पहिलाच. त्यामुळे त्याला विमानातली दुसरी खुर्ची मिळाली काय नि पहिली काय, गावाच्या लेखी तो कॅप्टनच. तुम्हीच सांगा, कुणाच्या पोराला आपण ‘अर्धा डॉक्टर’ म्हणतो का?

नोकरी मात्र लांब, समुद्रातल्या एका चिमुकल्या देशात. त्या देशाची विमानं एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. परदेशी वैमानिकाचा करार वर्षावर्षाचा, आणि कॅप्टनची जागा निघाली की आधी तिथल्या मुलांना. नाताळला तो सुट्टीवर आला की मी विचारायचो, “काय रे, यंदा तरी?”

“पुढच्या वर्षी, काका.”

एकदा म्हणाला, “वाऱ्यात विमान कसं उतरवायचं हे ज्याला मी दाखवलं, तोच आता माझा कॅप्टन.” मी भडकलो, तर मलाच समजावू लागला. “देश त्यांचा आहे, काका. आपण तरी दुसरं काय केलं असतं?” इकडे परत यावं, तर इथल्या कंपन्यांना आधीच कॅप्टन झालेला माणूस हवा. आधी पोहायला शीक, मग पाण्यात उतर, अशातली गत.

केळींना पाणी सोडून तो ओट्यावरच्या बाकावर बसायचा, तोही नेहमी उजव्या टोकाला. बाक सगळा रिकामा असला तरी तिथेच. कॅप्टन डावीकडे बसतो, हे मला त्याच्यामुळे कळलं.

त्याचा बाप महाहट्टी. मुलाच्या कंपनीकडून आईबापाला दरसाल फुकट तिकीट मिळायचं. आई होती तोवर ती हौसेनं जाऊन आली. म्हातारा कधीच गेला नाही. “माजा पोर कॅप्टन होईल त्या विमानात बसेन. तो दुसऱ्याच्या हाताखाली असताना नाय.” त्याचं तिकीट दरवर्षी वाया जायचं आणि पोरगा दरवर्षी मान खाली घालून परत जायचा.

मग म्हाताऱ्यानं खाट धरली. पोरगा मिळेल त्या विमानानं आला. भेटायला येईल त्याला म्हातारा सांगत होता, “माजा कॅप्टन आला.” मी पोराच्या तोंडाकडे बघत होतो. आता दुरुस्त करील, मग करील. तो बापाची उशी नीट करत राहिला.

“झालास ना रे?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“झालो, बाबा.”

“मग ने मला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर होतो. त्यानं बापाला उचलून ओट्यावर आणलं, बाकाच्या उजव्या टोकाला उशी लावून बसवलं. आणि स्वतः डावीकडे बसला. त्याला तिथे बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“निघालो, बाबा. बघा, खाली नंदाखाल गावचं चर्च. त्या नारळी. तो राजोडीचा किनारा.”

म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले होते. “आपली विहीर दिसते?”

“दिसते ना. काका हात करतायत.”

मी खरंच हात केला. दुसरं काय करणार होतो? रहाटाला धरून उभा राहिलो आणि रडलो.

“हळू उतरव,” म्हातारा म्हणाला.

“हो, बाबा.”

त्याच आठवड्यात म्हातारा गेला. दफनभूमीत सारा गाव जमला होता. पेटी खाली सोडल्यावर फादरनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला. “ये कॅप्टन, माती दे.”

त्यानं मूठभर माती उचलली, फादरच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, “फर्स्ट ऑफिसर, फादर.” मी शेजारीच होतो म्हणून मला ऐकू आलं. खाली पेटीत ऐकू जाऊ नये, इतक्या हळू तो बोलला होता.