सरिता सिस्टरचं कपाट

हिंगोलीच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्यावरही सरिता वाघमारेंना गल्लीत सगळे सिस्टरच म्हणत. नवरा शमुवेल सरकारी जीपवर ड्रायव्हर होता. त्याला वाचायचा कंटाळा, पण ऐकायची भारी हौस. सिस्टर बायबलातल्या माणसांवर लिहिलेल्या कादंबऱ्या कुठून कुठून मिळवायच्या आणि संध्याकाळी मोठ्यानं वाचायच्या. शमुवेल शेंगा फोडत ऐकायचा आणि मध्येच विचारायचा, "ते सगळं खरं, पण महापुरात नोहानं तारवात एवढ्या जनावरांना कडबा कुठून पुरवला?" मग वाद असा जुंपायचा की चुलीवरची भाजी करपायची.

शमुवेल गेला आणि मोठ्यानं वाचणं बंद पडलं.

या पुस्तकांबद्दल सिस्टरची मतं पक्की होती. लेखकानं प्रभूच्या तोंडी स्वतःची वाक्यं घातली की त्या तिथंच पुस्तक मिटायच्या. पण शास्त्रात जिचं नावही नाही अशा बाईला कुणी चूल दिली, सासू दिली, विहिरीच्या दोरानं सोललेले हात दिले, की त्यांना ते पटायचं. देवानं जिथं पान कोरं ठेवलंय तिथं अदबीनं लिहायला हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते ऐकायला आता घरात कुणी नव्हतं.

पुण्याहून मुलगी अंजली फोनवर घर आवरायचे व्हिडिओ पाठवायची. "आई, वर्षभर हात लागला नाही ती वस्तू काढून टाक. इतका पसारा कुणासाठी?"

सिस्टरना पसारा कधीच आवडला नव्हता. जादा भांडी, बंद पडलेला मिक्सर, जुन्या गाद्या त्यांनी हसत दिल्या. पण वर्षभराचा तो नियम काही गळी उतरेना. दवाखान्यात साप चावल्यावरचं इंजेक्शन असतं. वर्षभर त्याला हात लागला नाही तर देवाचे आभार मानायचे, की ते फेकून द्यायचं? हे त्या अंजलीला सांगणार होत्या, पण तिची मीटिंग सुरू झाली. "कुणासाठी" हा शब्द मात्र मागं राहिला. शेवटी त्यांनी चर्चच्या पाळकसाहेबांना कळवून टाकलं, पुस्तकं मंडळीच्या कपाटाला देते म्हणून.

पुस्तकं पोत्यात भरताना शेजारच्या मंजुळाबाई मदतीला आल्या. नातीच्या शाळेसाठी सेनगावकडच्या साखऱ्याहून येऊन त्या एका खोलीत राहत होत्या. एका पुस्तकावरचं चित्र पाहून त्यांनी विचारलं, "ही बाई अशी दगडावानी काहून हुबी हाय?"

"ही लोटाची बायको. गावावर आग पडणार होती. देवानं सांगितलं, निघा, मागं वळून बघू नका. हिनं बघितलं आणि मिठाचा खांब झाली."

"अन् मागं कोन होतं तिचं?"

"शास्त्रात लिहिलेलं नाही. या पुस्तकात एक लग्न झालेली लेक मागं राहिलेली दाखवलीय."

"मंग! म्या बी पाह्यलं असतं." मंजुळाबाईंनी पोत्याचं तोंड सोडून दिलं आणि तिथंच फतकल मारली. "वाचा की वो सिस्टर, पुढं काय झालं?"

सिस्टरनी वाचलं. बऱ्याच दिवसांनी आवाज मोठा काढला म्हणून घसा बसला. दिवे लागले तरी दोघी पोत्यांमध्येच बसून होत्या. तरीही दुसऱ्या दिवशी शब्द दिल्याप्रमाणे पोती चर्चमध्ये गेली. पाळकसाहेब भला माणूस, पण बोलून गेले, "बायबल असताना कादंबऱ्या कशाला सिस्टर?" त्यांनी कपाटाला कुलूप लावलं.

परीक्षा संपल्या आणि मंजुळाबाई नातीला घेऊन गावी गेल्या. सिस्टर शाळा उघडायची वाट बघत होत्या. जूनमध्ये त्या खोलीच्या मालकाकडून कळलं, नातीला वसतिगृहात जागा मिळाली. खोलीत आता बँकेतली दोन मुलं राहतात. ती नमस्कार करतात आणि दार लावून घेतात.

घर छान आवरलेलं होतं. अंजलीनं व्हिडिओ कॉलवर भिंती बघितल्या. "किती मोकळं वाटतं ना, आई?"

"हो," सिस्टर म्हणाल्या. चमचा पडला तरी घरभर आवाज होतो, हे त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी पाळकसाहेबांकडे किल्ली मागितली. ते अवघडले. "परत नेताय?"

"एकच. लोटाच्या बायकोचं. ते अर्धं राहिलंय."

सोमवारी सकाळी पुस्तक पिशवीत घालून त्या सेनगावच्या गाडीत बसल्या. साखऱ्यात मंजुळाबाईंचं घर सापडलं, पण दाराला कडी होती. सगळे पेरणीला रानात गेलेले. शेजारणीनं पाणी दिलं, बसा म्हणाली. सिस्टर ओट्यावर बसल्या. कुणी येईल म्हणून दुपारपर्यंत थांबल्या, आणि मग परतीची गाडी चुकू नये म्हणून उठल्या.

"काही निरोप सांगू का?" शेजारणीनं विचारलं.

"सांगा, हिंगोलीच्या सिस्टर येऊन गेल्या. पुढच्या सोमवारी परत येते."