काचेला दोन माणसे लागतात

मोठी काच एकट्याने उचलता येत नाही. आडवी धरली तर स्वतःच्याच वजनाने मोडते, म्हणून ती उभी न्यावी लागते. एक माणूस पुढे, एक मागे, चामडी हातमोजे घातलेले तळवे खालच्या कडेला आणि पावले एका तालात. मी ज्या कारखान्यात एकवीस वर्षे पर्यवेक्षक होतो, तेथे कारागिराची पत त्याच्याबरोबर काच उचलायला कोण उभा राहतो, यावरून ठरे. ज्या कारागिराविषयी मी लिहीत आहे, त्याच्याबरोबर पाच महिने कोणीही उभे राहिले नाही.

त्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तो आनंदाने ओ देई. काच कापण्याची हिरकणी त्याच्या हातात जितकी नेमकी चाले, तितकाच त्याच्या तोंडाचा पट्टा बेसुमार चाले. अकरा वर्षे त्याच्या जोडीला असलेला लंबू दिवसाकाठी दहा शब्द बोलणारा, त्यामुळे दोघांचे बरे जमे.

एकदा एका दुकानाची दर्शनी काच घेऊन दोघे निघाले. लंबू पुढे, रेडिओ मागे. दारापाशी पायरी आली तसा लंबू म्हणाला, “थांब.” त्या वेळी रेडिओ सांगत असलेली मेहुण्याच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची हकिगत ऐन रंगात आली होती. त्याला ऐकू गेले नाही, तो चालत राहिला, काचेचा कोपरा पायरीवर आदळला आणि लंबूच्या नडगीला सात टाके पडले.

मालकीणबाईंनी कोणाला बोल लावला नाही; काचेच्या धंद्यात काच फुटायचीच. लंबू मात्र नवव्या दिवशी कामावर आला तो थेट दुसऱ्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्या दिवसापासून रेडिओ येण्यापूर्वीच सर्वांच्या जोड्या लागलेल्या असत, आणि रेडिओच्या वाट्याला तसबिरींच्या चौकटी उरत. कारण सर्वांना ठाऊक होते: हा काच उचलताना गप्प बसत नाही. ते त्याला सांगितले मात्र कोणीच नाही. मी विचारले तेव्हा प्रत्येकाने एकच उत्तर दिले, की त्याला वाईट वाटेल. मीही मान हलवली. म्हणजे त्याला वाईट वाटू नये म्हणून आम्ही त्याला वाळीत टाकले.

कारण कळले नाही की माणूस ते स्वतः तयार करतो. रेडिओने असे ठरवले की लंबूने त्याच्या हातांविषयी काहीबाही पसरवले आहे. तो येईल त्याच्यासमोर दोन्ही हात पसरून विचारी, थरथरतात का सांगा. पहिले दोन आठवडे त्याने सर्वांना चहा पाजला आणि नेहमीच्या दुप्पट गप्पा मारल्या, म्हणजे नेमका रोगच वाढवला. त्यानंतर तो चावरा झाला. लंबूच्या टाक्यांना ‘वेलबुट्टी’ म्हणू लागला. इतरांचे हातमोजे ओले करून ठेवू लागला. ज्यांनी आपल्याजवळ यावे असे त्याला वाटे, त्यांनाच तो ओरबाडत असे. दुसऱ्याला अपशकुन करण्यासाठी स्वतःचे नाक कापणारा माणूस मी म्हणीत ऐकला होता. आता तो रोज सकाळी आठ वाजता माझ्यासमोर सही करीत होता.

मी माझ्या परीने व्यवस्था लावली. जोड्यांचा तक्ता केला, पट्टीने रकाने आखले, सुवाच्य अक्षरात भिंतीवर लावला. रेडिओबरोबर ज्यांची पाळी येई, त्यांची त्या दिवशी पाठ दुखे. तीन आठवड्यांत तीन पाठी दुखल्यावर मी तक्ता उतरवला.

शेवटी रेडिओने कहर केला. एका केशकर्तनालयासाठी लंबूने चार दिवस खपून घासलेला आरसा तयार होता. जेवणाच्या सुट्टीत रेडिओने हिरकणी घेतली आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. विचारल्यावर लपवले नाही. उलट मला म्हणाला, रेघ सरळ आहे ना बघा, हात थरथरलेला दिसतो का कुठे.

मालकीणबाईंनी शनिवारपर्यंतची मुदत दिली: त्याला ठेवायचे की काढायचे, ते मी लेखी कळवावे. वयाच्या पन्नाशीला, आरसे खरवडणारा म्हणून नाव झालेल्या कारागिराला दुसरीकडे कोण उभे करणार होते?

शनिवारी सकाळी मी त्याला खोलीत बोलावले. आपली बाजू मांडावी असे मी सुचवताच त्याने मला, लंबूला आणि लंबूच्या सात पिढ्यांना धुऊन काढले. माझा संयम सुटला.

मी म्हणालो, “अहो, तुमच्या हातांना काहीही झालेलं नाही. काच उचलताना तुम्ही बोलता. त्या दिवशी लंबू ‘थांब’ म्हणाला ते तुम्हाला ऐकू आलं नाही, म्हणून कुणी तुमच्याबरोबर येत नाही.”

रेडिओ बंद पडलेला मी प्रथमच पाहिला.

“थांब म्हणाला होता?”

“म्हणाला होता.”

“आणि हे सगळ्यांना माहीत होतं? तुम्हालासुद्धा?”

मी होय म्हणालो. त्याने माझ्या टेबलावरची पट्टी उचलली, दोन्ही टोके धरून वाकवली आणि, माझी खात्री आहे, मोठ्या कष्टाने परत ठेवली. मग तो बाहेर गेला. काही आक्रीत घडू नये म्हणून मी मागोमाग धावलो.

लंबू लाकडी घोडीला टेकवलेल्या एका मोठ्या काचेजवळ होता. रेडिओने हातमोजे चढवले आणि काचेचे मागचे टोक धरले.

“उचल,” तो म्हणाला. “बोलणार नाही.”

लंबूने आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले.

“बोललास तर आहे तिथं खाली ठेवीन.”

दोघे निघाले. दार, दोन पायऱ्या, अंगण. लंबू एकदा ‘थांब’ म्हणाला, रेडिओ थांबला. गाडीत काच टेकवून दोरी बांधेपर्यंत रेडिओने ओठ दातांखाली दाबून धरले होते. गाठ पडली आणि तो उसळला.

“पाच महिने, लेका! पायरीवरच दोन शिव्या हासडल्या असत्यास तर काय तुझी जीभ झडली असती?”

“तू मध्ये श्वास घेशील तर कुणी शिवी देईल ना,” लंबू म्हणाला. “आणि माझ्या आरशाचं काय?”

मग जी जुंपली, ती अर्धा तास. अकरा वर्षांत लंबू जेवढे बोलला नव्हता तेवढे त्या अर्ध्या तासात बोलला. नडगी उघडी करून टाक्यांचे व्रण दाखवले, रेडिओने ते मोजले, आणि मोजणीवरूनही भांडण झाले. गाडीवाला घड्याळ दाखवत माझ्याकडे तक्रार करीत होता. कामाच्या वेळेचा असा अपव्यय मी एरवी पाच मिनिटेही चालवून घेतला नसता. गाडीवाल्याला मी थांबायला सांगितले आणि आत जाऊन मालकीणबाईंना लिहून दिले की कारागिरास ठेवावे, सोमवारपासून नवा आरसा त्याने लंबूच्या हाताखाली घासावा, आणि या प्रकरणातील दिरंगाई पर्यवेक्षकाची आहे.