राजीखुशीने

कुठलाही कागद हाती आला की ती तो माझ्यापुढे धरायची. "वाच. गाळू नको." लग्नाची पत्रिका असो नाहीतर खताची गोणी. तिला अक्षर येत नव्हतं, मी चौथी शिकलेले. काष्टीच्या शिवारात कितीतरी वर्षं आम्ही शेजारी बसून कांदा खुरपला. पत्रिकेतली "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" ही ओळसुद्धा तिने कधी सोडू दिली नाही. छापलंय म्हणजे कुणाच्या तरी मनात आलं असेल, म्हणायची.

अशी माणसं तुमच्याही गावात असतील. डोक्याला ताप असतात.

तिचा बाप वारला आणि सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं. ते कमी करायला दोघे भाऊ गाडी घेऊन आले. आमच्याकडे बहिणी हक्क सोडतात, साडी घेतात, जेवतात आणि घरी येतात. तीही तयार होती. वाचायला म्हणून तिने मला बरोबर घेतलं.

तालुक्याला कचेरीबाहेर कागद तयारच होता. अंगठा दे, साहेब जेवायला उठतील, भाऊ म्हणाला. तिने कागद माझ्याकडे सरकवला. गट नंबर, चारी बाजूंच्या हद्दी, आणि मग, "मी राजीखुशीने माझा हक्क सोडत आहे."

"थांब," ती म्हणाली. "राजीखुशीने काढा. मग अंगठा देते."

कागद लिहिणारा हसला. ते सगळ्यांच्याच कागदात असतं, त्याशिवाय चालत नाही, म्हणाला. थोरला भाऊ लाल झाला.

"आक्के, एका शब्दासाठी अडवतीस व्हय?"

"एकच हाय ना? मग काढ की."

अर्धा तास हुज्जत चालली. धाकट्याने हातसुद्धा जोडले. शेवटी तिने मांडीवरची साडीची पिशवी बाकावर ठेवली आणि उठली.

एसटीत मी तिला चांगलं झापलं. माहेर तोडलंस, म्हटलं.

"जमीन न्यावी त्यांनी. नवरा मेला तवा पोरीला कडंवर घेऊन माहेरी गेल्ते. तिसऱ्या दिशी परत गाडीत बसवून दिलं मला. आन् मी मेल्यावर बी कागद बोलत राहनार, बाई खूश हुती म्हनून." मग ती माझ्याकडे वळली. "तुझ्या कागदात काय हुतं?"

"तेच."

"वाचलं हुतंस?"

"व्हय."

"मग? हुतीस का खूश?"

मी पिशवीत तिकीट शोधायला लागले.

माहेराने तिला पुन्हा बोलावलं नाही. भाऊबीजेला ती मुद्दाम खुरपायला यायची, आणि कुणी कीव केली तर शिवी द्यायची. यंदा ती गेली. भाऊ दहाव्याला आले, कावळा शिवेपर्यंत थांबले नाहीत. सातबाऱ्यावर तिचं नाव अजून आहे.

मी तिला उत्तर दिलंच नाही. आता ती विचारायला नाही, म्हणून ज्यांना द्यायचं त्यांनाच देते. माझ्या भावांनो, माझा कागद तुमच्या पेटीत असेल. त्यावर माझी सही आहे, चांगली वळणदार. त्याला हा कागद टाचून ठेवा.

मी खूश नव्हते.