मयेकर मॅडम आणि मूठभर काळा कुळीथ

डॉ. वासंती मयेकर यांची आणि माझी पहिली भेट रत्नागिरीजवळच्या संशोधन प्रक्षेत्रावर झाली. मी देशावरून आलेला, हरभऱ्यावर पदवी मिळवलेला, त्यामुळे अंमळ ताठच होतो. मॅडमनी माझी प्रमाणपत्रं बाजूला ठेवली आणि विचारलं, "कुळथाची पिठी खाल्लीत कधी?" नाही म्हटल्यावर डबा पुढे केला. "मग आधी जेवा. चव माहीत नाही त्या पिकाचं उत्पादन काय वाढवणार?"

मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्या कामाबद्दल इतर मंडळी लिहितीलच. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर येणारा कुळीथ अधिक कसा पिकेल, यासाठी त्यांनी वाडीवाडीतून बियाणं जमवलं. मी एकच प्रसंग सांगतो, कारण तो सांगायचा राहून गेला आहे.

आरे-वारेच्या बाजूच्या एका वाडीतल्या सावित्रीकाकींकडून मॅडमनी बियाण्याची पुरचुंडी आणली होती. तांबूस दाण्यांत काही काळे. मला ती भेसळ वाटली. नमुना कसा स्वच्छ हवा, म्हणून मी काळे दाणे निवडून कोंबड्यांपुढे टाकले आणि शाबासकीच्या अपेक्षेने पुरचुंडी मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उघडली आणि विचारलं, "काळे दाणे कुठे गेले?" काकींच्या शेतात ओल आटली तरी ज्या झाडांच्या शेंगा भरल्या होत्या, ती झाडं त्या काळ्या दाण्यांची होती.

एरवी वाफ्यावरची पाटी वाकडी लागली तरी फैलावर घेणाऱ्या मॅडम त्या दिवशी न रागावता उठल्या. मला घेऊन थेट वाडीवर गेल्या. अंगणातच भाजलेल्या कुळथाचा वास आला. काकींनी पिठीसाठी कुळीथ चुलीवर घेतला होता, आणि भाजलेला दाणा काही रुजत नाही.

"काकी, काळं बियाणं उरलंय काय?" मॅडमनी अंगणातूनच विचारलं.

काकी हसल्या. "बियाण्याचं मडकं येगळं असतंय बाय. काळं मी कधी निवडून काढीत न्हाय. ओल लवकर आटली त काळं हाताला लागतं, न्हाय त तांबडं हायच. सगळं एकसारखं पेरलं आनी गेलं, त खायाचं काय?"

त्यांनी मूठभर काळे दाणे मॅडमच्या ओंजळीत घातले. आनुवंशिक विविधतेवर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. ती कळली मात्र त्या अंगणात.

त्या मुठीचं पुरेसं बियाणं होण्यात एक हंगाम गेला. आढावा बैठकीत साहेबांनी उशिराचं कारण विचारलं. माझी नेमणूक तात्पुरती होती. माझं नाव निघालं असतं तर मी घरी बसलो असतो. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नमुना माझ्या हातून बिघडला." त्यावरून त्यांच्या चोख कारकिर्दीत एकमेव प्रतिकूल शेरा नोंदला गेला. मी मान खाली घालून बसलो.

पुढे त्या काळ्या दाण्यांतूनच निवड करत मॅडमनी लवकर तयार होणारा, भरघोस वाण काढला. नोंदवहीत सावित्रीकाकींचं नाव त्यांनी आग्रहाने लिहिलं. माझी चूक मात्र कुठेच लिहिली नाही.

आज ती मीच लिहितो आहे. मॅडम, न विचारता हे छापल्याबद्दल तुम्ही मला चांगलंच झापाल, आणि तसं झापायला तुमचा आवाज अजून पुष्कळ वर्षं असाच खणखणीत राहावा. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्या बैठकीतला शेरा आता माझ्या नावावर लागो.