भीमेकाठची गोचीड-तपासणी

गोचिडीला माझ्या थोरल्या साडूंइतका घाबरणारा, आणि तरीही होडीत बसायला इतका आसुसलेला माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा नसेल. सत्तरच्या दशकात मी त्यांच्याबरोबर एकतीस वेळा भीमा ओलांडली. मला एकदाही गोचीड चावली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांना हसणार आहे.

होडीत शेळ्याही चढत आणि काठाच्या गवतात गोचिडी टपलेल्या असत, म्हणून साडू पांढरा पायजमा मोज्यांत खोचून वर सुतळी बांधत. पांढऱ्यावर काळं लगेच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. उतरलं की तपासणी: घोटे, गुडघ्यांच्या मागे, काखा, कानांमागे. खिशात काटा काढायचा चिमटा. माणशी तीन मिनिटं, अनोळखी माणसालाही सूट नाही. एकदा त्यांनी शेळ्या पुढच्या टोकाला आणि आम्हा नऊ माणसांना मागे बसवलं. पुढचं टोक उचललं गेलं आणि सहाच्या सहा शेळ्या घसरत आमच्या मांडीवर आल्या. त्या दिवशी तपासणीला सत्तावीस मिनिटं लागली.

मग त्यांच्या एकुलत्या मुलीची सोयरीक निघाली. आधीची दोन स्थळं मोडली होती. नदीपलीकडचं हे तिसरं, आणि तिला मुलगा मनापासून आवडला होता. आज चिमटा काढायचा नाही, असं मेहुणीबाईंनी निघताना बजावलं होतं. मुलाचे वडील आम्हाला घ्यायला गवत तुडवत काठापर्यंत आले. साडूंनी नमस्कार केला, क्षणभर घुटमळले, आणि सरळ त्यांचा फेटा वर सरकवून कानामागे बघितलं. मेहुणीबाईंनी डोळे मिटून घेतले. गोचीड निघाली, चांगली ज्वारीच्या दाण्याएवढी.

व्याह्यांनी चिमट्यातली गोचीड निरखली आणि कान चोळला. "तीन दीस कान ठणकतोय," ते म्हणाले, "पन घरात कुनी बघितलं न्हाय की." आणि त्यांनी दुसरा कान पुढे केला. सोयरीक तिथंच, गवतात उभ्या उभ्या ठरली.

लग्न लागून वऱ्हाड परत निघालं, तेव्हा होडीत चढण्याआधीच साडूंनी नवरदेवासकट सगळ्यांचे घोटे तपासले. मुलगी शेवटी उभी होती. तिने पाऊल पुढे केलं, पण ते वाकले नाहीत.

"तात्या, पोरीचं ऱ्हायलं की," नावाडी साडूंना म्हणाला.

"तिचं आता ते बघतील," साडू व्याह्यांकडे हात करून म्हणाले.

 व्याही फेटा सावरत खाली वाकले आणि सुनेच्या घोट्यांभोवती अगदी सावकाश बघितलं. तेवढं होईपर्यंत साडू थांबले, मग स्वतःच्या हाताने त्यांनी होडी ढकलली. होडी मधल्या धारेला लागली तरी ते गुडघाभर पाण्यातच उभे होते.